ऊन पाणी

उन्हेरे, उन्हवरे, उन्हाळे. रायगडातून खाली रत्नागिरीकडे जाताना अशी गावांची नावं भेटतात आणि परक्या माणसाला वाटतं, इथे ऊन फार तापत असेल. हे ऊन मात्र आभाळातलं नाही. ‘ऊन-ऊन भात’ म्हणताना जे ऊन आपल्या तोंडी येतं ते हे, संस्कृतातल्या ‘उष्ण’चं झिजून मऊ झालेलं रूप. जिथे जमिनीतून गरम पाणी वर येतं त्या गावाला कोकणाने हा शब्द देऊन टाकला. खानदेशात चोपड्याच्या बाजूला उनपदेव आहे, नांदेड जिल्ह्यात किनवटकडे उनकेश्वर. शब्द तोच, पाणीही तसंच.

जपानी भाषेत गार पाण्याला ‘मिझु’ म्हणतात आणि गरम पाण्याला ‘यु’. पाणी एकच, पण तापलं की त्याला वेगळं नाव. स्नानगृहाच्या दारावर जो कापडी पडदा असतो, नोरेन, त्यावर बहुधा एवढंच एक अक्षर काढलेलं असतं: ‘यु’. हे मला माझ्या मावसबहिणीने दिवा–रोहा गाडीत सांगितलं, तेव्हा गाडी आपट्याच्या पुढे गेली होती. ती बरीच वर्षं तोक्योत निशिकासाईला राहते. तोक्योच्या एदोगावा भागातली ही भारतीयांची वस्ती. २०१९ साली एदोगावाच्या स्थानिक नगरसभेवर निवडून आलेले योगेंद्र पुराणिक मराठीच. बहीण गेल्या हिवाळ्यात हाकोनेला आशी तळ्याकाठच्या एका लहानशा ऱ्योकानमध्ये, म्हणजे जुन्या पद्धतीच्या जपानी पथिकाश्रमात, दोन रात्री राहून आली होती. दारात बूट काढायचे, तातामीच्या चटयांवर वावरायचं, युकाता नेसून जेवायला बसायचं, आणि जेवणाआधी, जेवणानंतर वेळ ठेवून, पुन्हा पहाटे, जमिनीतून आलेल्या कढत पाण्यात मानेपर्यंत बुडून बसायचं. “ताई, आपल्याकडेही तळी आहेत, गरम झरे आहेत. मग असं का नाही?” हा तिचा प्रश्न. त्याचं उत्तर शोधायला आम्ही डिसेंबरात दोन दिवस काढले.

हमरापूर स्टेशन आलं. इथली आणि शेजारच्या जोह्याची घरं वर्षभर गणपती घडवतात. भाद्रपदात जे मखरात बसतं ते इथे डिसेंबरात उघड्या अंगाने, रंगाशिवाय, रांगेत उभं असतं. पेणच्या मूर्तिकारांनी ही कला शतकाहून अधिक काळ टिकवली आणि पेणचा गणपती समुद्रापार गेला. बहिणीच्या तोक्योतल्या घरीही तो आहे. पेणला गाडी थांबल्यावर तिने खिडकीतून पोह्याचे पापड घेतले. पेण तालुक्याचं आणखी एक नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही: विनोबांचा जन्म याच तालुक्यातल्या गागोद्याचा, ११ सप्टेंबर १८९५चा.

कासू, नागोठणे, निडी आणि मग रोहा. मध्य रेल्वे इथे संपते आणि कोकण रेल्वे इथून सुरू होते. कर्नाटकातल्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर. पांडुरंगशास्त्री आठवले यांचं हे जन्मगाव. गावाला लागून कुंडलिका वाहते. हिवाळ्यात कोकणातल्या बहुतेक नद्या दगडगोटे दाखवू लागतात, तेव्हाही ही भरलेली दिसते, कारण तिचं पाणी सह्याद्रीच्या पलीकडचं आहे. मुळशीच्या धरणात अडवलेलं मुळेचं पाणी नळांतून घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात उतरतं, जनित्रं फिरवतं आणि कुंडलिकेला मिळतं. १९२७पासून हे चाललं आहे. कोलाडच्या वरच्या अंगाला साजे गावापासून रबरी होड्या सुटतात, त्यांची वेळ सकाळची. वीजघरातून पाणी सुटलं की नदी फुगते आणि मग होड्या पाण्यात पडतात. सेनापती बापटांनी १९२१मध्ये ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रह उभारला, त्याच धरणाचं हे पाणी. मावळातल्या गावांच्या शेतावरून सरकलेलं. त्या काठावर मजेत बसताना एवढं तरी मनात असावं, असं मला वाटतं.

मुक्काम कोलाडच्या पुढे, सुतारवाडीच्या बाजूला, तळ्याकाठच्या एका घरात. हे हॉटेल नव्हे. शेतकरी कुटुंबाने मागच्या पडवीला लागून तीन खोल्या काढल्या आहेत. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची ‘न्याहारी-निवास’ ही कल्पना कोकणात रुजली ती अशाच घरांमुळे. दारात चपला काढायच्या, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. शेणाने सारवलेलं अंगण, ओटी, माजघर. घरच्या काकू पायांवर पाणी देतात आणि आधी पाण्याचा तांब्या, मग चहा. ऱ्योकानमध्ये घरधनीण असते, तिला ‘ओकामी’ म्हणतात. पाहुणा आला की ती स्वतः दारात येते आणि निघाला की गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभी राहते. बहीण काकूंकडे बघत म्हणाली, “ही आपली ओकामी.” तळ्यावर पाणकावळे पंख पसरून बसले होते. पाणी इतकं स्थिर की समोरचा डोंगर दोनदा दिसत होता.

संध्याकाळी पोपटी लावली. पेण, रोहा, अलिबाग या पट्ट्यात वालाच्या शेंगा भरल्या की ही लागतेच. भातकापणीनंतर खाचरातल्या ओलीवर वाल पेरतात, आणि थंडी पडली की शेंगा तयार. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, मध्ये अंडी, बटाटे, कुणी मसाला चोळलेली कोंबडी. वर पुन्हा पाला दाबायचा, मडकं पालथं घालायचं आणि भोवती पेंढा-काटक्या रचून पेटवायचं. पाण्याचा थेंब नाही. सारं शिजतं ते पाल्याच्या आणि शेंगांच्या स्वतःच्या वाफेवर. मडक्यावर पाणी शिंपडलं आणि ते चर्रकन उडालं की समजायचं, झाली. भांबुर्डा ही बांधावरची रानवनस्पती. एरवी तिला कुणी विचारत नाही, पण तिच्या वासाशिवाय पोपटी होत नाही.

ऱ्योकानच्या जेवणाची ख्याती ती अशी, की त्या ऋतूत, त्या तळ्यात, त्या डोंगरावर जे असेल ते पानात. रात्री काकूंनी जिताडा वाढला. पेणच्या खारपाटात घराशेजारच्या तळ्यात हा मासा वर्षानुवर्षं जपतात आणि जावई आला, मोठा पाहुणा आला की काढतात. बरोबर तांदळाची भाकरी आणि कडव्या वालाचं बिरडं. बहिणीने जपानी रिवाजाप्रमाणे हात जोडून पानाला नमस्कार केला. काकूंना ते काही वेगळं वाटलं नाही.

पहाटे पाचला न्हाणीत बंब पेटला. तांब्याचा, मध्ये निखाऱ्याची नळी, खाली राखेचं तोंड. लाकडाच्या धुराचा वास लागलेलं ते पाणी घंगाळात घेऊन, पाटावर बसून, तांब्याने अंगावर घ्यायचं. मी बाहेर आले तेव्हा बहीण न्हाणीच्या उंबऱ्यात उभी राहून आत बघत होती. ओन्सेनमध्ये, म्हणजे जपानी ऊन पाण्याच्या स्नानगृहातही, असंच असतं, म्हणाली. कुंडात उतरण्याआधी भिंतीलगत ओळीने लाकडी पाट मांडलेले असतात, शेजारी लहान बादली. पाटावर बसायचं, बादलीने अंगावर पाणी घ्यायचं, साबण लावायचा, साबणाचा कणही उरणार नाही असं अंग धुवायचं आणि मगच कुंडात पाय टाकायचा. कुंड अंग धुण्यासाठी नसतंच मुळी. ते धुतलेल्या अंगाने बसण्यासाठी असतं. त्यात छोटा रुमालसुद्धा बुडवत नाहीत; तो घडी करून डोक्यावर ठेवतात.

म्हणजे जपानी स्नानाचा अर्धा भाग आपल्या घराघरात आहे. पाट, घंगाळ, तांब्या. दिवाळीच्या पहाटे उटणं लावून घेतलेलं अभ्यंगस्नान हे त्याचंच थोर रूप. आपण पाण्यात उतरत नाही, पाणी अंगावर घेतो. उरलेला अर्धा भाग, ते ऊन पाण्याचं कुंड, इथून तासाभराच्या आत होतं.

कोलाडहून वाकण फाटा आणि तिथून आत पालीचा रस्ता. सरसगडाचा कातळ धुक्यातून वर आला तेव्हा साडेसहा झाले होते. पालीचा बल्लाळेश्वर अष्टविनायकांपैकी. भक्ताच्या नावाने ओळखला जाणारा अष्टविनायकांतला हा एकच गणपती. देवळातली मोठी घंटा पोर्तुगीज बनावटीची, वसईच्या मोहिमेनंतर चिमाजी अप्पांनी दिलेली म्हणून सांगतात. पालीपासून तीनेक किलोमीटरवर उन्हेरे. विठ्ठल-रखुमाईचं देऊळ, जवळच दगडी बांधकामाची कुंडं, स्त्रियांची आणि पुरुषांची वेगवेगळी. थंडीतल्या सकाळी गाव दिसण्याआधी वाफ दिसते.

स्त्रियांच्या बाजूला त्या वेळी पाच-सहा जणी होत्या. पालीला दर्शनाला आलेल्या दोघी घाटावरच्या, बाकीच्या जवळपासच्या वाड्यांवरच्या. पाण्याला गंधकाचा मंद वास. मी पायरीवर पदर खोचून सरळ पाण्यात पाऊल घालणार तोच कोपऱ्यात बसलेल्या एका आजींनी हटकलं, “पोरी, आधी भायेर दोन तांबे घे आंगावर, मंग उतर.” बहीण माझ्याकडे बघतच राहिली. आशी तळ्याकाठी जपानी, इंग्रजी आणि चिनी भाषांत, चित्रांसह लावलेली सूचना इथे एका वाक्यात आली होती. आजींना हे कुणी शिकवलं? बहुधा त्यांच्या सासूने, तिला तिच्या सासूने.

मग उतरलो. आधी पोटऱ्या भाजल्यासारख्या होतात, मग गुडघे ढिले पडतात, आणि पाणी खांद्यापर्यंत आलं की माणूस बोलायचा थांबतो. पाणी कढत नाही, सोसवेल असं आहे. जपानी स्नानगृहांत ४० ते ४२ अंश सेल्सिअस बरं मानतात. बहीण डोळे मिटून म्हणाली की तिला फरक कळत नाही. ती आग्रहाने दहा मिनिटांनी बाहेर आली आणि मलाही काढलं. ऊन पाण्यात फार वेळ बसू नये, भरल्या पोटी उतरू नये, रक्तदाब किंवा हृदयाचं दुखणं असेल तर वैद्याला विचारल्याशिवाय तर मुळीच नको, हे जपानात लहान मुलांनाही माहीत असतं. खरूज-नायट्याला हे पाणी बरं, असं आजी सांगत होत्या. अशी श्रद्धा कोकणातल्या सगळ्याच कुंडांवर ऐकू येते. पाण्यात काय किती आहे हे लिहिलेलं मात्र कुठे मी वाचलेलं नाही.

जपानात ते लिहावं लागतं. १९४८च्या ओन्सेन कायद्यानुसार उगमाशी पाणी २५ अंश किंवा त्याहून ऊन असेल, किंवा ठरावीक यादीतलं एखादं द्रव्य पुरेशा प्रमाणात असेल, तर तो ओन्सेन. आणि ज्या जागी लोक उतरतात तिथे त्या पाण्याचा घटकतक्ता व कुणी उतरू नये याची सूचना लावणं बंधनकारक आहे. देशभरात असे सुमारे २७ हजार उगम आहेत. त्यांची ऊब मुख्यतः ज्वालामुखींची. आशी तळंसुद्धा ज्वालामुखीच्या उद्रेकाने दरी अडून झालेलं. कोकणाखाली आज ज्वालामुखी नाही. आपला काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वी निवालेला. तरीही पालघरच्या कोकनेर-सातिवलीपासून वज्रेश्वरी-गणेशपुरी, उन्हेरे, महाडजवळचं सव, खेड-दापोलीकडचं उन्हवरे, संगमेश्वर तालुक्यातली आरवली, तुरळ, राजवाडी आणि खाली राजापूरचं उन्हाळे, अशी गरम झऱ्यांची ३०० किलोमीटरहून लांब माळ किनाऱ्याला समांतर ओवलेली आहे. पनवेलजवळ लाव्हाचे थर समुद्राकडे वाकले आहेत. भूशास्त्रज्ञ त्याला पनवेलचा बाक म्हणतात. त्या वाकण्यात कातळाला खोल भेगा पडल्या. सह्याद्रीवर पडलेला पाऊस त्यांतून खाली खाली जातो. जमिनीत दर किलोमीटरला २५-३० अंश ऊब वाढते. तेवढी घेऊन, वाटेतली क्षारद्रव्यं विरघळवून, तो पुन्हा वर येतो. म्हणजे उन्हेऱ्याच्या कुंडात आपण ज्यात बसतो तो फार पूर्वीचा पाऊस.

पाणी आहे, नियम आजींना पाठ आहे, घर आहे, ओकामी आहे. हे सगळं एका ठिकाणी आलं नाही, एवढंच. कुंड एका गावात, राहायचं पंचवीस किलोमीटरवर. कुंडावर येणारा माणूस गाडी उभी करतो, अर्ध्या तासात उरकतो आणि पुढच्या गणपतीला निघतो. घाईत तो आजींचा नियम विसरतो. कोकणातल्या एका कुंडावर मी शॅम्पूच्या पुड्या पाण्यावर तरंगताना आणि पायरीवर कपड्यांच्या साबणाची वडी ठेवलेली पाहिली आहे. घरात ज्या हाताने तांब्या धरून काटेकोर अंघोळ होते, त्याच हाताने. तेव्हा फार वाईट वाटलं होतं, आणि अजून वाटतं.

आणि जपान काही आपल्याला इतका दूर नाही. २०१३मध्ये महाराष्ट्र आणि वाकायामा प्रांत यांच्यात सहकार्याचा करार झाला. वाकायामातल्या कोयासान विद्यापीठात २०१५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभा राहिला. त्याच प्रांतात कुमानोच्या तीर्थयात्रेच्या वाटेवर युनोमिने हे डोंगरातलं गाव आहे. होंगूच्या देवळात जाण्याआधी यात्रेकरू तिथल्या ऊन पाण्यात शुचिर्भूत होत. ओढ्याकाठी लाकडी खोपट्यात एक एवढंसं कुंड आहे, त्सुबोयु. एका वेळी दोन-तीन माणसं मावतील इतकंच. क्रमांकाची पाटी घ्यायची, आपली पाळी येईपर्यंत थांबायचं, अर्ध्या तासात बाहेर. गर्दी कितीही असो, कुंड मोठं करायचं कुणाच्या मनात आलं नाही. ती यात्रावाट २००४मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेली आणि हे कुंडही तिच्याबरोबर. शेजारी जवळजवळ उकळतं पाणी वर येतं, त्यात लोक जाळीत अंडी आणि रताळी सोडून शिजवून खातात. देवदर्शनाआधी ऊन पाणी, वाटेत चार घरांत मुक्काम, संध्याकाळी त्या मातीतलं जेवण. पाली आणि उन्हेरे यांच्यातल्या तीन किलोमीटरमध्ये हे सारं मावतं. ओकामी व्हायला तयार असलेल्या काकू तर प्रत्येक वाडीत आहेत.

मोठी बांधकामं यावीत असं मी म्हणत नाही. यामानाशीतलं निशियामा ओन्सेन केइउनकान इसवी सन ७०५पासून चालू आहे, २०१७पर्यंत एकाच घराण्याच्या पन्नासहून अधिक पिढ्यांनी चालवलेलं. त्या काळी आपल्याकडे बदामीचे चालुक्य राज्य करत होते. ते टिकलं ते डोंगराच्या कुशीत, उगमाच्या अंगणातच राहिलं म्हणून. उन्हेऱ्याला हवे असतील तर धुण्यासाठी आडोशाचे चार नळ, भिंतीलगत दगडी पाट, पाण्याच्या तपासणीचा एक तक्ता आणि आजींचं ते वाक्य मोठ्या अक्षरांत.

कुंडातून निघालो तेव्हा आजी लुगडं पिळत होत्या. बहिणीने जपानातून आणलेला आपला छोटा रुमाल घडी करून डोक्यावर ठेवलाच होता, त्याकडे बघून त्या म्हणाल्या, “डोकं झाकलंस ते बरं केलंस, सर्दी नाय व्हायची.” बल्लाळेश्वराचं दर्शन घेतलं, आणि परतीच्या वाटेवर अंबा नदीवरचा नागोठण्याचा सोळाव्या शतकातला दगडी पूल बघायला थांबलो.

नागोठणे स्टेशनात गाडी यायला वेळ होता. फलाटावर एक बाई उकडलेल्या वालाच्या शेंगा विकत होती. आम्ही ओंजळभर घेतल्या. गाडीत बहिणीने ओला रुमाल खिडकीच्या गजाला बांधला. कासू मागे पडलं, पेण आलं, पापडवाली पुन्हा खिडकीशी आली. हमरापूरला रुमाल वाळला होता. तिने तो सोडून नाकाशी धरला आणि माझ्या हातात दिला. गंधकाचा वास अजून होता.